व्यसनाचा रकाना

दातांच्या दवाखान्यात आकड्यांची एक भाषा चालते. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच उतरवायची, ती किती खोल गेली ते डॉक्टरांनी मोठ्याने म्हणायचं आणि सहायकाने लिहून घ्यायचं. एकेका दाताभोवती सहा जागा. आकडा तीनपर्यंत असेल तर हिरडी दाताला धरून आहे. त्यापुढे गेला तर तिने दाताची साथ सोडायला सुरुवात केली आहे, आणि आत हाडही झिजत असेल. बंगळूरच्या एका चकचकीत दवाखान्यात मी आ वासून पडले होते आणि स्वतःबद्दलचे आकडे ऐकत होते. तीन, दोन, तीन, तीन. वरच्या दाढांशी आल्यावर पाच, सहा, सात. सातला डॉक्टरांचा आवाज जरा खाली आला. मग मला धीर द्यावा तसे म्हणाले, "पण रक्त अजिबात नाही, मॅडम. ब्रशिंग चांगलं ठेवलंय तुम्ही."

ब्रशिंग बेताचंच होतं. रक्त येत नव्हतं ते सिगारेटमुळे. हिरडी सुजली की रक्त येतं, आरशासमोर उभा असलेला माणूस दचकतो आणि डॉक्टरकडे जातो. सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत ही पहिली हाकच दबून जाते. हिरडी वरून फिकट, घट्ट, शहाण्यासारखी दिसत राहते आणि आत हाड झिजत जातं. डॉक्टरांना हे पुस्तकातून नक्कीच ठाऊक असणार. पण मी सिगारेट ओढते हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. आल्याआल्या भरायच्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी यांच्याखाली 'हॅबिट्स' असा एक रकाना होता. तो मी कोरा सोडला होता. त्यांची नजर त्या कोऱ्या जागेवर क्षणभर थांबलेली मी पाहिली. समोर शेहेचाळीस वर्षांची, सुती साडीतली, खांद्याला पुस्तकांची पिशवी लावलेली बाई. सभ्य माणसाने अशा बाईला काय विचारायचं? ते पुढे सरकले.

ही सभ्यता मला चोवीस वर्षं उपयोगी पडली आहे. पहिली सिगारेट मी कोलकात्यात, जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना ओढली. 'ओढली' हे मराठीत. बंगालीत ती खातात, जसं तिथे पाणीही खातात आणि चहाही. हिंदीत पितात. आता मी राहते त्या कन्नड मुलखात तिला 'सेदु' हे क्रियापद लागतं, जे विहिरीतून पाणी काढण्यालाही लागतं आणि आपल्या 'शेंदणे'ची आठवण करून देतं. ही यादी मी अनेक वर्षं गमतीने सांगत आले. चार भाषांमध्ये क्रियापदं माहीत असणाऱ्या बाईने एका फॉर्मवर मात्र एकाही भाषेत शब्द लिहिला नाही.

डॉक्टरांनी लेसर सुचवला. चार भागांचे मिळून अठ्ठावीस हजार. कापणं नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर. हिरड्यांसाठी बहुतेक दवाखान्यांत असतो तो डायोड लेसर. साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं मेलॅनिन तो शोषून घेतात. केसाएवढ्या तंतूच्या टोकातून तो फटीत सोडला की आतलं सुजलेलं अस्तर जळून निघतं आणि जंतू कमी होतात. दाताच्या मुळावर दगडासारखा बसलेला थर मात्र या प्रकाशाने निघत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. हे सगळं मी घरी येऊन वाचलं. दवाखान्यातल्या रंगीत पत्रकात आणखी एक सेवा होती: काळवंडलेल्या हिरड्या लेसरने गुलाबी करून मिळतील. आपल्याकडच्या कितीतरी हिरड्या मुळातच सावळ्या असतात आणि त्यात काही वाईट नाही, हे पत्रकात नव्हतं. सिगारेटनेही हिरड्या काळवंडतात. म्हणजे एकाच यंत्राने फट भरेल आणि खूणही पुसली जाईल. खरं सांगायचं तर मला मोह झाला, आणि तो वेदना टाळण्याचा नव्हता. दुरुस्ती व्हावी आणि त्या दुरुस्तीत कारणाचं नावही निघू नये, याचा होता.

योगायोग असा की त्याच महिन्यात एका आरोग्यसंस्थेसाठी मी रुग्णपत्रिकांचं मराठी भाषांतर करत होते. असली कामं मी पोटासाठी करते आणि कादंबऱ्या उरलेल्या वेळात. हिरड्यांच्या पत्रिकेत एक वाक्य होतं: धूम्रपान करणारे उपचारांना 'रिस्पॉन्ड पुअरली'. सवयीने लिहून गेले: 'धूम्रपान करणारे रुग्ण उपचारांना कमी प्रतिसाद देतात.' मग थांबले. प्रतिसाद कोण देतं? हाक मारल्यावर जो ओ देतो तो. या वाक्यात उपचार हाका मारतोय आणि रुग्ण हट्टाने गप्प बसलाय. उपचार कमी पडला असं भाषा म्हणतच नाही. म्हणून खोडून लिहिलं: 'सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांवर या उपचारांचा गुण कमी येतो.' गुण येणं हे आपल्याकडे औषधाचं काम, रोग्याचं नव्हे. संपादकांनी हे वाक्य ठेवलं. पण मी कुणाची बाजू घेतली होती हे मला नीट माहीत होतं, त्यामुळे समाधान अर्धंच झालं. माझ्या वाक्यातून रुग्ण निर्दोष सुटला होता. तोही खरेपणा नव्हता.

'हॅबिट्स'ला मराठी फॉर्मवर 'व्यसन' म्हणतात, आणि तो शब्द आला की आपल्याला दारूचा गुत्ता दिसतो. संस्कृतात मात्र व्यसन म्हणजे दोन्ही: वाईट नादही आणि कोसळलेलं संकटही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'चं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे. त्यात राजाचा शिकारीचा, जुगाराचा, मद्याचा नाद आहे आणि आग, पूर, रोगराई, दुष्काळही आहेत. कौटिल्य काही कनवाळू माणूस नव्हे. त्याला हिशोब मांडायचा होता: राज्य कशाने खचतं आणि त्यावर उपाय काय. पण त्या हिशोबासाठी त्याला 'केलेलं' आणि 'ओढवलेलं' एकाच छपराखाली ठेवता आलं. ॲरिस्टॉटल 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात दुसरी बाजू धरतो. वैद्याचं न ऐकता, बेताल वागून आजारी पडलेल्याला बरं व्हावंसं वाटलं म्हणून तो बरा होत नाही. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही, पण तो फेकणं न फेकणं हातात होतं. बावीस-तेविसाव्या वर्षी, वर्गात, मला ॲरिस्टॉटल कठोर आणि बरोबर वाटला होता. तेव्हाही वर्ग सुटल्यावर मी बाहेर पायऱ्यांवर बसून एक पेटवली असणार.

पण सिगारेट म्हणजे एकदा फेकलेला दगड नव्हे. दिवसाला बारा असतील तर बारा वेळा उचललेला आणि फेकलेला दगड. त्यातल्या कितव्या वेळी हात माझा होता आणि कितव्या वेळी निकोटिनचा? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, आणि जे झटकन देतात त्यांच्यावर, मग ते मला दोषी ठरवोत की बळी, माझा विश्वास बसत नाही.

दुसरं मत घ्यायला मी सरकारी दंत महाविद्यालयात गेले. लांब रांग, लाकडी बाकं, रिक्षावाले, हमाल, फुलवाल्या. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते. पंचविशीची शिकाऊ डॉक्टर मास्कमधूनच मोठ्याने म्हणाली, "ताता, बीडीना, सिगरेटा? दिनक्के एष्टु?" आजोबा, बिडी की सिगारेट, दिवसाला किती? ते म्हणाले, एक कट्टा. तिने लिहून घेतलं. माझा नंबर आला. तिने वर न बघताच, त्याच सुरात विचारलं, "सिगरेट? दिनक्के एष्टु?" मागे वीस-पंचवीस माणसं. मी म्हणाले, हन्नेरडु. बारा. तिने बारा लिहिलं आणि माझ्या दाढा मोजायला घेतल्या.

इतकंच. अपमान तर सोडाच, उलट कुणीतरी माझ्या पाठीवरून ओझं उतरवल्यासारखं वाटलं. पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला मान दिला होता, आणि त्या मानापोटी माझ्या बारा सिगारेटी उपचाराच्या बाहेर ठेवल्या होत्या. या मुलीने मला त्या बिडीवाल्या आजोबांच्या ओळीत बसवलं. आकड्याला वैद्यकातही अर्थ आहे, हे नंतर कळलं. सध्याच्या वर्गीकरणात दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याचा हिरड्यांचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. म्हणजे माझा रकाना कोरा होता तेव्हा माझ्या आजाराचं नावही चुकत होतं.

लेसरबद्दल विचारलं तेव्हा तिच्या सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. नीट खरवडून साफ केल्यावर त्यावर लेसर मारून फारसं जास्त मिळतं असं दिसत नाही, म्हणाले. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघानेही २०२०च्या मार्गदर्शिकेत साफसफाईला लेसरची जोड देऊ नये असंच सुचवलं आहे. सिगारेट सोडायला मदत करणं हा मात्र त्याच मार्गदर्शिकेत उपचाराचा भाग आहे. यंत्र वाईट नाही, सर म्हणाले, योग्य जागी कामाचं आहे, पण तुमची अडचण त्याच्या टप्प्यात नाही. मी विचारलं, मग शस्त्रक्रिया? म्हणाले, आधी सोडा, मग बघू.

हे 'आधी सोडा' माझ्या डोक्यात बरेच दिवस फिरत राहिलं. भाषांतर करणाऱ्याला माहीत असतं की एकच वाक्य दोन सुरांत दोन वाक्यं होतं. 'तुमची जखम नीट भरणार नाही' हा एक अर्थ, आणि तो खरा आहे, धुराने जखमा रेंगाळतात. 'तुम्ही या उपचाराच्या लायकीच्या नाही' हा दुसरा, आणि तो पहिल्याच्या आडोशाने सहज आत शिरतो. सूर ओळखायचा कसा? मला एकच खूण सापडली: पुढचं वाक्य काय येतं ते पाहायचं. 'सोडा आणि मग या' म्हणून पुढचा नंबर पुकारला तर ती शिक्षा. सरांनी त्या दिवशी खालच्या दाढांची साफसफाई तिथल्या तिथे करून घेतली, समुपदेशनाच्या खोलीचा रस्ता दाखवला, आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले, सोडली असेल तरी आणि नसेल तरी. या शेवटच्या शब्दांसाठी मी त्यांच्या बाजूची झाले. कुणाच्या चुकीमुळे त्याचा उपचार अडवून धरणं मला मान्य नाही. आणि उपचारात त्या चुकीचा उच्चारच न करणं हे तर मला आता त्याहून वाईट वाटतं, कारण ते दयेच्या वेषात येतं आणि त्याचं बिल अठ्ठावीस हजार असतं.

माझी आजी साताऱ्याकडची. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून ती मशेरी करायची आणि ओसरीवर बसून बोटाने हिरड्यांना लावायची. दात घासणं म्हणत तिला. साठीच्या आत तोंडात तीन दात उरले होते. तिच्या बाबतीत व्यसन हा शब्द घरात कुणी कधी वापरला नाही, आणि कुठल्या डॉक्टरने तिला कधी काही विचारल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. घरातल्या मानाच्या बाईला कोण विचारणार?

मी सोडली. म्हणजे सोडते आहे. एकोणिसाव्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पांढऱ्या बेसिनमध्ये लाल धागा. पोटात गोळा आला. इतकी वर्षं न आलेलं रक्त, आणि तेही शिक्षा संपवल्यावर. ठरलेल्या दिवशी गेले तेव्हा तीच मुलगी होती. तिने सळई उतरवली आणि आकडे म्हणू लागली: चार, पाच, ब्लीडिंग. पाच, सहा, ब्लीडिंग. सहाव्याच्या पुढे नाही गेली. शेजारची विद्यार्थिनी आकड्यांपुढे लाल टिंबं देत होती. मी हात वर करून थांबवलं आणि रक्ताचं विचारलं. सोडल्यावर काही आठवड्यांत येतं, ती म्हणाली, आता हिरडी बोलायला लागली. मग तिने कागद उलटा केला आणि त्याच सुरात विचारलं, "दिनक्के एष्टु?"

मी म्हणाले, काल एक.

तिने एक लिहिलं.