स्थाणू, पुरुष आणि रंगलेला हात

लाचेच्या सापळ्यात ज्या क्षणी पंचांच्या समक्ष कारकुनाची बोटे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडविली जातात आणि नोटांना आधीच लावून ठेवलेल्या फिनॉल्फ्थॅलीनच्या भुकटीमुळे ते निर्मळ पाणी पाहता पाहता गुलाबी होते, त्या क्षणी पाहणाऱ्याच्या मनातला निवाडा होऊनही जातो. परंतु त्या रंगाने शाबीत काय झाले? त्या बोटांचा त्या नोटांना स्पर्श झाला, एवढेच.

न्यायदर्शनाने संशयाला मनाचे दौर्बल्य मानले नाही. सोळा पदार्थांत त्याला स्वतंत्र स्थान दिले आणि तो सकारण असला पाहिजे, असा दंडक घातला. तिन्हीसांजेला दूरवर काहीतरी उंच उभे दिसते. उंची ही खोडाला आणि माणसाला समान, आणि हातपाय हा जो विशेष, तो दृष्टीस पडत नाही. म्हणून हा स्थाणू की पुरुष, असा प्रश्न उठतो. हाती आलेला पैसा हा असाच समान धर्म होय. लाच मागणाऱ्यापाशी तो सापडतो, उसनवारी परत घेणाऱ्यापाशी सापडतो, आणि वैरापोटी ज्याच्या खिशात तो कोंबला गेला त्या निरपराध्यापाशीही सापडतो. विशेष आहे तो मागणीत. नीरज दत्ता प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मागणी आणि स्वीकार ही दोन्ही शाबीत होणे अपरिहार्य ठरविले, ते मला याच विचाराच्या कुळातले वाटते. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या विसाव्या कलमातले गृहीतकही हा पाया घातला गेल्यावरच उभे राहते.

मात्र तक्रारदार मरण पावला अथवा फितूर झाला, तरी इतर साक्षींवरून आणि परिस्थितीवरून मागणीचे अनुमान करता येते, हेही त्याच घटनापीठाने सांगितले, आणि ते सांगणे अगत्याचे होते. एका दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालून थकलेल्या माणसाने धीर करून फिर्याद द्यावी, पुढे दडपणाखाली त्याने जबानी फिरवावी, आणि तेवढ्याने गुन्हाच नाहीसा व्हावा, हा त्या दुबळ्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय होय. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात, तो खटला खुनाचा असला तरी, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संशयाच्या अतिरेकी भक्तीविरुद्ध बजावले होते. निष्कारण संशयाला आपल्या नैयायिकांनीही कधी थारा दिला नाही.

‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोग मात्र मला खटकतो, कारण त्यात न्यायाधीश पदरचे काही दान करीत असल्याचा भास होतो. वस्तुतः ते आरोपीचे येणे असते. ज्याच्या दुर्लौकिकाविषयी सारा गाव एकमुखाने बोलतो, त्याच्या बाबतीत ते चुकते करणे मनाला किती जड जाते, हे मी जाणतो. तरीही ते चुकते केलेच पाहिजे.

अपिलाच्या न्यायाधीशापुढे तर साक्षीदाराचा चेहराही नसतो. मोहोरबंद बाटलीतला रंग काळाने फिका पडलेला असू शकतो. राहतात ती जबानीची पाने, आणि पैशाचा विषय त्या दिवशी प्रथम कोणी काढला, हे सांगणारे एखादे वाक्य त्यांत आहे काय, याचा शोध.