न मागणाऱ्याचे देणे

रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण व्यवहाराची आहे आणि व्यवहारात ती बहुधा खरीही ठरते. पण तिला उलटून पाहिले, तर जो रडत नाही त्याने उपाशी राहावे, असा तिचा अर्थ होतो. हा न्याय मला पटत नाही. मागणारा नसला म्हणजे देणेही नसते काय? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला नाही. तरवडाच्या बिया पेरताना भेटला.

तरवड सर्वांनी पाहिलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहिलेले मात्र कोणीच नसते. भीमेचा काठ सोडून माळाला लागावे, की मुरमाड जमिनीत, बांधावर, वाटेच्या कडेला ही झुडपे उभी. पावसाळा सरता सरता ती पिवळ्या फुलांनी भरून जातात. नवरात्रात कितीतरी घरी घटावर याच फुलांची माळ चढते. तेलंगणात बायका बतुकम्माच्या सणाला हीच फुले रचतात. त्या राज्याने तर तरवडाला आपले राज्यफूल केले आहे. त्याच्या सालीने पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली. एवढे देऊन तो मागतो काय? पाणी नाही, खत नाही, कुंपण नाही. लिनियसने १७५३ साली त्याच्या नावात ‘कानवाला’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला, कारण त्याच्या पानांच्या देठांशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे असतात. कान आहेत, तोंड नाही!

आणि तोंड नाही म्हणूनच तो आधी जातो. चाकणपासून आमच्या राजगुरुनगरापर्यंत माळ सपाट होत चालले आहेत. त्या कारखान्यांवर आमच्याकडच्या कितीतरी चुली पेटतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण आंबा तोडायचा म्हटले तर चार माणसे हळहळतात, तरवड मात्र ‘झाडोरा’ या एका शब्दात निघून जातो. मग झाडे लावण्याची वेळ येते. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण उत्साहाने खड्डे खणतो, आणि त्यांत पुष्कळदा मादागास्करचा गुलमोहर नाही तर मध्य अमेरिकेचे गिरिपुष्प लावतो. पाहुण्यांशी माझे वैर नाही. पण पाहुण्याला पाट मांडताना घरच्याला उठवावे का?

आमचे एक शेजारी म्हणाले, “गुरुजी, तरवड काय पेरायचा? तो आपोआप येतो की!” पण आपोआप येण्यालाही जागा लागते, आणि जवळपास एखादे जुने झुडूप लागते. कमी लागणे आणि काहीच न लागणे, यांत फरक आहे. स्वावलंबी माणसांच्या बाबतीत आपण नेमका हाच फरक विसरतो.

पेरणीचे काम सोपे आहे. चपट्या, कागदासारख्या शेंगा तपकिरी होऊन वाळल्या, की बी काढावे. त्याचे कवच कठीण असते, म्हणून ते पॉलिशपेपरवर हलके घासावे किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी जे फुगले असेल ते माती आणि रेतीच्या पिशवीत अर्धा इंच खोल पेरावे, आणि पहिला दमदार पाऊस झाला की रोप माळावर लावावे. मात्र सगळे बी एकदम उगवेल अशी आशा धरू नये. एका सरीला भुलून सारेच उगवले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर वंशच बुडेल. म्हणून काही बी मातीत थांबून राहते. आणि प्रेमापोटी रोज पाणी ओतू नये; रोपाच्या बुडाशी पाणी साचले की मूळ कुजते.

इथेच मला कळले, की न मागणाऱ्याला देणे हे अधिक अवघड काम आहे. मागणारा निदान किती हवे ते सांगतो. न मागणाऱ्याला किती द्यायचे आणि कुठे थांबायचे, हे आपल्यालाच पाहून ठरवावे लागते. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाला उत्तर देऊन शिक्षक मोकळा होतो. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याकडे मात्र स्वतः चालत जावे लागते. घरातही तेच. दिवाळीत सर्वांना आग्रहाने वाढणारी बाई शेवटी जेवायला बसते, तेव्हा तिच्यासाठी चकली उरली आहे का, हे कोणी पाहिलेले असते?

आमचे गाव पूर्वीचे खेड. शिवराम हरी राजगुरू इथे १९०८ साली जन्मले आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला फासावर गेले. त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. गावाने आपण होऊन त्यांचे नाव धारण केले. पण नाव घेतल्याने देणे फिटत नाही, ते फक्त कबूल होते. फेडायचे असते ते रोज, आणि अशांनाच, जे दाराशी येऊन उभे राहत नाहीत.

दिवाळी सरली, की माळावरच्या शेंगा वाळू लागतील. मूठभर बी कोणालाही पुरे आहे. मुलांना बरोबर न्यावे. शेंगा कुठे आहेत ते मात्र त्यांनाच शोधू द्यावे.