घाम फुटलेला बाटला

वालीवच्या एका गाळ्यात दोन मावसभाऊ कामाला होते. थोरला प्रेसवर, धाकटा पॅकिंगला. दोघांनाही डोंगरांचं वेड. तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग तर पायाखालचे. डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जायचं ठरलं आणि थोरल्यानं एप्रिलातच मुठीत मावेल एवढा गॅसचा बर्नर आणला. सोबत अडॅप्टर होता, म्हणून त्यावर दोन्ही कॅन चालत: सगळीकडे मिळणारा ब्युटेनचा लांबट डबा आणि आयसोब्युटेन-प्रोपेनच्या मिश्रणाचा, आटेवाला, बुटका, महाग कॅन.

जेवणाच्या सुट्टीत गाळ्याच्या दारातच लांबट डब्यावर सगळ्यांचा चहा झाला. ज्योत निळी, जोरदार. "झालं काम," थोरला म्हणाला. "जास्तीचे पैसे कशाला घालायचे?"

शेजारच्या गाळ्यात गॅस कटिंग करणारे मिस्त्री चहाला आले होते. त्यांनी दोघांना आपल्या एलपीजीच्या बाटल्यापाशी नेलं. सकाळपासून जाड पत्रा कापणं चाललं होतं. "हात लावा," ते म्हणाले. बाहेर अंगाची लाही होत होती आणि बाटल्याला खालच्या अंगानं घाम फुटलेला. हाताला चांगलाच गार लागला.

"आत पातळ द्रव आहे. त्याचा गॅस व्हायला ऊब लागते. ती तो या लोखंडातून ओढतो आणि लोखंड हवेतून. इथली हवा तापलेली, म्हणून भागतं. तिकडं ऊब कुठून आणाल?"

"मिस्त्री, तुमचा बाटला केवढा, आमचा डबा केवढा!" थोरला हसून निघून गेला. धाकटा मात्र तिथंच थांबला, प्रश्न विचारत राहिला. नंतर त्यानं आकडेही शोधले. समुद्रसपाटीला ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे 12 च्या आसपास, प्रोपेन थेट उणे 42 ला. थंडी त्याखाली गेली की द्रव डब्यात नुसता पडून राहतो.

गॅसचे कॅन रेल्वेत नेता येत नाहीत, विमानातही नाहीत. ते देहरादूनला घ्यावे लागले. थोरल्यानं लांबट डबे घेतले. धाकट्यानं वाद घातला नाही. स्वतःच्या पैशानं एक बुटका कॅन घेऊन सॅकमध्ये टाकला.

बर्फातल्या मुक्कामी पहाटे बाटलीतलं पाणी गोठलेलं होतं. बर्नर आधी पेटला. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ब्युटेन तिथं जरा जास्त थंडीतही तग धरतो. पण जळता जळता डबा स्वतःच गार होत गेला आणि ज्योत वाटाण्याएवढी उरली. थोरल्यानं डबा हलवून पाहिला. चांगला जड होता, संपलेला नव्हता. वैतागून त्यानं सगळं सामान तंबूत ओढलं. "आत ऊब आहे, आतच पेटवतो."

धाकट्यानं त्याचा हात धरला. "दादा, आत नाही."

रात्रभर झोपायच्या पिशवीत अंगाशी ठेवलेला बुटका कॅन त्यानं काढला, बाहेर येऊन त्यावर बर्नर बसवला. बर्फ वितळून पाणी व्हायला वेळ लागला, पण चहा झाला. पुढं त्या कॅनची ज्योतही मंदावली, कारण मिश्रणातला प्रोपेन आधी जास्त जळून जातो. तेव्हा धाकट्यानं कॅन कोमट पाण्याच्या ताटलीत उभा केला. ताटली थोरल्यानंच पुढं केली होती.

महागडा कॅन दर वेळी घ्यायची गरज नाही. एप्रिल-मेच्या सह्याद्रीत लांबट डबा पुरतो. हिवाळ्यात हिमालयात निघाला असाल, तर किंमत आणि वजन विचारण्याआधी डब्यावरचं इंधनाचं नाव वाचा. रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरून देतो म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो आणि तो दाब या पातळ पत्र्यासाठी नाही. आणि कितीही गारठा असो, बर्नर तंबूबाहेरच पेटवा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.