वहिनींच्या गोठांवर कर्ज काढण्याआधी

आसेगाव, ता. मंगरुळपीर, जि. वाशीम
नोव्हेंबर 2025

चि. छोटू,

तुझा बेत वहिनींनी सांगितला. त्यांची पोत आणि गोठ बँकेत तारण ठेवायचे, आलेल्या पैशांत आणखी सोनं घ्यायचं, आणि भाव चढला की थोडं विकून कर्ज फेडायचं. वर तुझा दाखला असा, की रिझर्व्ह बँकसुद्धा सोनं घेत सुटली आहे, मग आपणच का मागं राहायचं? माझी नोकरी सोनेतारणाच्या टेबलावर गेली, म्हणून वहिनींनी मला विचारलं. रिझर्व्ह बँकेचं नाव तूच काढलंस, तर तिचं वागणं पुरतं बघू.

2024-25 या वर्षात बँकेनं 57 टनांच्या वर सोनं घेतलं, मार्च 2025 अखेर साठा जवळपास 880 टन झाला आणि ऑक्टोबरात त्याची किंमत 100 अब्ज डॉलरच्या पुढं गेली. हे सगळं खरं. पण किंमत जेवढी फुगली तेवढं वजन वाढलेलं नाही, आणि तुझी गफलत इथंच होते.

एक जुनी गोष्ट ऐक. 1956 पासून ऑक्टोबर 1990 पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या वह्यांत सोन्याचा दर कायद्यानं बांधलेला होता. आजच्या मापात 10 ग्रॅमला 84 रुपये 39 पैसे! बाहेर सराफ्यात भाव तीन हजारांवर गेला तरी वहीत तोच. 17 ऑक्टोबर 1990 पासून बाजारभावाच्या जवळचा दर लावायला सुरुवात झाली आणि एका ग्रॅमची भर न पडता साठ्याची किंमत कितीतरी पट झाली. देश काही त्यानं श्रीमंत झाला नाही. पुढच्याच जुलैत सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून साधारण 40 कोटी डॉलर उभे करावे लागले. त्याआधी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत जप्तीतलं 20 टन सोनं परत घेण्याच्या बोलीवर विकलं होतं. आयातीची बिलं आणि परदेशी देणी तटली होती, म्हणून. आणखी सोनं घेण्यासाठी कुणी सोनं गहाण टाकलं नव्हतं.

आता 2009 चं बघ. त्या नोव्हेंबरात बँकेनं नाणेनिधीकडून 200 टन सोनं 6.7 अब्ज डॉलरला घेतलं, म्हणजे औंसाला 1,045 डॉलरच्या आसपास. 2011 मध्ये भाव 1,900 च्या घरात गेला. तेव्हा तुझ्यासारख्यांनी विकलं नसतं, उलट आणखी घेतलं असतं. माझ्या टेबलासमोर तशीच रांग होती. मग भाव उतरत उतरत डिसेंबर 2015 मध्ये पुन्हा 1,050 च्या जवळ आला. सहा वर्षांत, डॉलरमध्ये मोजलं तर, हाती काहीच नाही. या सगळ्या काळात बँकेचा साठा 557 टनांवर जसाच्या तसा होता, 2017 संपत येईपर्यंत. तिनं वर विकलं नाही, खाली घाबरली नाही. तिला ते जमलं, कारण त्या सोन्यावर कुणाचं व्याज चढत नव्हतं. तुझ्या सोन्यावर दर महिन्याला चढेल.

तू म्हणशील, आपल्याकडे भाव पडलेला कधी फारसा जाणवला नाही. त्याचं कारण रुपया आहे. जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलरला टेकलेला भाव पुन्हा दिसायला जानेवारी 2008 उजाडलं. पण मधल्या काळात डॉलर आठ रुपयांवरून चाळिसाच्या जवळ पोचला, त्यामुळं आपल्या सराफाच्या पाटीवर आकडा एकंदरीत चढत गेला. त्यातली बरीचशी चढण सोन्याची नव्हतीच.

आणखी एक. वाढलेल्या किमतीचा फायदा रिझर्व्ह बँक उत्पन्नात धरत नाही. चलन आणि सोन्याच्या पुनर्मूल्यांकनाचं एक वेगळं खातं आहे, तो आकडा तिथं पडून राहतो. 2024-25 साठी बँकेनं सरकारला 2 लाख 68 हजार कोटींहून जास्त रक्कम दिली. न विकलेल्या सोन्याचा वाढीव भाव त्यात धरलेला नव्हता. तू मात्र वहिनींच्या गोठांचा वाढलेला भाव आजच खर्चायला निघालास.

आणि अर्जात कर्जाचं कारण काय लिहिणार? सोनं घ्यायला कर्ज देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं 2012 पासूनच बँकांना बजावलं आहे. वळं असो, नाणं असो की फंड. म्हणजे ‘शेतीसाठी’ किंवा ‘घरखर्च’ असं खोटं लिहून खाली सही वहिनींची घ्यावी लागेल. मला ते मुळीच पटत नाही.

टेबलावर काय होतं तेही सांगतो. सराफ दागिना कसोटीवर घासतो, पोतीतले काळे मणी वगळतो, गोठातली लाख अंदाजानं वजा करतो. घरी पाच तोळे म्हणून मिरवलेलं चार-सव्वाचार भरतं. उरलेल्या वजनावर जो दर लागतो, त्याचाही एक हिस्साच हातात पडतो. सीलबंद पाकीट तिजोरीत जातं. भाव घसरला की नोटीस येते, फरक भरा. नाही भरला तर लिलाव, आणि त्या दिवशी पाकीट फोडताना टेबलाशी उभी असलेली बाई तुझ्या आईच्या वयाची असते.

शिक्षणाला, दवाखान्याला, विहिरीला पैसा लागला, तर तारण ठेवायला मी स्वतः वहिनींसोबत मंगरुळपीरला जाईन, त्यात कमीपणा नाही. सोयाबीनचा चुकारा आला की आधी पीककर्ज मुदतीत भर. मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख योजनेत व्याज लागत नाही. एवढा स्वस्त पैसा तुला दुसरीकडे मिळायचा नाही. त्यातून उरलं, तर ग्रॅम-दोन ग्रॅमचं वळं पक्क्या पावतीनं घे, बिनकर्जाचं.

वहिनी तुला नाही म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणतो आहे. अर्ज भरू नकोस, आणि तसं त्यांना आजच फोन करून सांग.

तुझा,
काका