लाल फडकं

चाकणच्या तळेगाव चौकातून रोज जाणाऱ्याला सळयांचा ट्रक लांबूनच ओळखू येतो. हौद्याच्या मागे हातभर, कधी दोन हात सळया बाहेर आलेल्या असतात, खड्ड्याखड्ड्याला त्या वरखाली डुलतात, आणि सगळ्यांत लांब सळईच्या टोकाला एक लाल फडकं बांधलेलं असतं. मालवाहू गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायची जी सवलत नियमात होती, ती केंद्र सरकारने २०१४ मध्ये काढून टाकली. सवलत गेली, फडकं राहिलं.

दुचाकीवरून त्या ट्रकच्या मागे असताना मला त्या फडक्याचा कायम राग आलेला आहे. त्याचा अर्थ एवढाच, की मी तुला सांगितलं होतं, आता अंतर राखायचं काम तुझं. पण गेल्या वर्षी असं काही घडलं की या रागाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. म्हणजे खरं तर काही घडलंच नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं हेच झालं, त्यामुळे त्याचं दुःख असं काही नाही. राहायला भोसरीत, ऑफिस हिंजवडीत. वडिलांनी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, आणि निवृत्त होताना एक जुनी बोलेरो घेतली. मला सायकलचा नाद आहे. भीमाशंकरच्या बाजूला, चासकमान धरणाच्या पलीकडे, सायकल चालवावी असे रस्ते आहेत. पण तिथे पोचायला नाशिक रस्त्याने मोशी, चाकण, राजगुरुनगर हे पार करावं लागतं, आणि त्या रस्त्यावर सायकल चालवायची माझी हिंमत नाही. म्हणून सायकली गाडीवर टाकून न्यायच्या. (त्याच रस्त्याने पहाटेच्या शिफ्टला काही माणसं अजूनही सायकलवर जातात. त्यांना हिंमत आहे का, हे कोणी विचारत नाही.)

बाजारात पट्ट्यांचे रॅक मिळतात, पण ते डिकीच्या दरवाजाला अडकवायचे असतात आणि बोलेरोच्या मागच्या दरवाजावर स्टेपनी असते. तेव्हा स्टेपनीच्याच बोल्टांवर एक जाड प्लेट बसवायची, तिच्यातून चाळीस बाय चाळीसचा चौकोनी पाइप मागे काढायचा आणि त्यावर दोन सायकली टांगायच्या, असं मी ठरवलं. जिथे राहतो तिथे चार गल्ल्या सोडल्या की लेथ, पाच सोडल्या की पावडर कोटिंग. अशा ठिकाणी राहून रॅक विकत आणायचा म्हणजे कोकणात राहून नारळ पाकिटातून आणण्यासारखं वाटलं.

आठ वर्षांनी पहिल्यांदा डिग्री वापरली. दोन सायकली तीस किलो, रॅकचं वजन दहा, एकूण चाळीस. हा भार प्लेटपासून सरासरी पंचेचाळीस सेंटिमीटर मागे. उभ्या गाडीत मोमेंट साधारण पावणेदोनशे न्यूटन-मीटर. खड्ड्यात भार तिप्पट होतो असं धरलं तर सव्वापाचशेच्या पुढे. दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपात त्याने जो ताण येतो तो लोखंड वाकायला लागण्याच्या मर्यादेच्या साठ टक्क्यांच्या आत होता. मी एक्सेलमध्ये तो खाना हिरवा केला.

ज्यांच्या शेडमध्ये रॅक बनवला ते काका लातूरकडचे. त्यांनी पाइप प्लेटला टॅक मारून धरला, लांबून बघितला आणि विचारलं, "साहेब, खालच्या कोपऱ्यात तिरकी पट्टी मारू का एक?"

मी म्हटलं, नको. वजन वाढेल, शिवाय हिशेबात बसतंय.

"बसतंय तर ठीक आहे," ते म्हणाले, आणि हेल्मेट खाली घेतलं.

घरी आणल्यावर वडिलांनी रॅकभोवती एक चक्कर मारून विचारलं, "पहिला नग कोणी पास केला?" मी हसलो. एकच तर नग होता.

तो एकच राहिला नाही. ट्रेलवर लोकांनी फोटो काढले, ड्रॉइंग मागितलं. मी मापं, कटिंग लिस्ट, हिशेब असं सगळं घालून चार पानांची छान पीडीएफ केली. शेवटच्या पानावर एक ओळ टाकली: 'स्वतःच्या जबाबदारीवर बनवावे.' ही ओळ लिहिताना मी क्षणभरही थांबलो नाही, कारण ती आमच्या धंद्यातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जगभरचा कितीतरी कोड एमआयटी लायसन्सखाली फुकट वाटला जातो, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की ही वस्तू जशी आहे तशी, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. ती नसती तर कोणी काही फुकट वाटलंच नसतं. माझ्या चुकीचा कोड उद्या कुठे कोसळला तर तिकीट येतं, मी दुरुस्त करतो, नवी आवृत्ती निघते. चूक फिरून माझ्याकडे येते.

दोन वर्षांनी एका रविवारी गाडी धुताना रॅकच्या खालच्या कोपऱ्यात, वेल्डच्या कडेने, रंगावर एक तपकिरी रेघ दिसली. गंज असेल म्हणून पुसली, तर गेली नाही. वडिलांनी चष्मा लावून पाहिली आणि काही न बोलता मित्राच्या कारखान्यातून डीपी टेस्टचे डबे आणले. आधी लाल रंग फवारायचा, तो फटीत मुरू द्यायचा, वरून पुसून टाकायचा आणि मग पांढरा डेव्हलपर मारायचा. फट असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. आमच्यासमोर मिनिटाभरात केसाएवढी लाल रेघ उमटली. खालच्या बाजूने पूर्ण आडवी, आणि दोन्ही अंगांनी वर चढलेली.

लोखंड ओझ्याने वाकतं आणि हेलकाव्यांनी थकतं. पहिलं मी मोजलं होतं, दुसरं नाही. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. नेहमीच्या भाराखाली धडधाकट दिसणारा आस असा अचानक का तुटतो, हे पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून शोधलं. तिसऱ्या वर्षाला हे सगळं आम्हाला होतं, दहा मार्कांना. वेल्डच्या कडेला तर ही मर्यादा मूळ पाइपापेक्षा खूपच खाली येते. काकांची तिरकी पट्टी त्याच कोपऱ्यातला ताण वाटून घेणार होती. रॅक त्यांना नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. "अजून एक-दोन भीमाशंकर, मग सुटला असता." मी पट्टीला नको म्हटलं होतं, याचा उल्लेख त्यांनी केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नैतिक नशिबावर लिहिलं, आणि गंमत म्हणजे दोघांच्याही लिखाणात ट्रक ड्रायव्हर येतो. विल्यम्सच्या ड्रायव्हरच्या चाकाखाली, त्याची काही चूक नसताना, एक मूल येतं. बाकीचे त्याची समजूत घालतात आणि ते योग्यच. पण तो पटकन समजला, तर आपल्याला त्याच्याविषयी शंका येते. नेगेलचा ड्रायव्हर थोडा निष्काळजी आहे, त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. मूल आडवं आलं तर आयुष्यभराचा अपराध, न आलं तर काहीच नाही. निष्काळजीपणा मात्र दोन्ही वेळी तेवढाच. मी हा नेगेलचा दुसरा ड्रायव्हर आहे, ज्याच्या आडवं कोणी आलं नाही. तो तडा नक्की कोणत्या रविवारी सुरू झाला माहीत नाही. त्यानंतर मी चाकणमधून किती वेळा गेलो, दर वेळी मागे कोण होतं, हेही नाही. नाशिक रस्त्यावर कुठल्याही गाडीच्या मागे गाडीभर अंतरावर एक दुचाकी असतेच. शिफ्ट सुटल्यावर तर चार असतात, एखादीवर पुढे मूल उभं. त्यांतल्या कोणीही माझी पीडीएफ वाचलेली नव्हती.

कायद्याचं म्हणणं सोपं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर बदल करू नका. त्याच कलमावर बोट ठेवून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना गाड्यांपुढचे बुलबार काढायला लावा म्हणून कळवलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना बदलता येणार नाही असाच निकाल दिला. माझा रॅक त्यात बसतो की तो नुसता सामान टांगायचा हूक, यावर वाद घालता येईल. सायकलीच्या चाकामागे नंबर प्लेट झाकली जात होती, त्यावर मात्र येणार नाही. तरीही माणसाने स्वतःच्या हाताने वस्तू करू नयेत हे मी मान्य करणार नाही. भोसरीतले कितीतरी कारखाने एका शेडमध्ये, एका लेथवर, 'करून बघू' म्हणत सुरू झालेले आहेत. विकतच्या वस्तूला प्रमाणपत्र असतं म्हणून ती आपोआप नैतिक होते असंही नाही. काही वेळा आपण पैसे देऊन फक्त विचार करायचं काम दुसऱ्यावर टाकतो.

सायकलवेडा मित्र म्हणाला, "एवढं काय घेऊन बसलास? मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या रिकॉल होतात." बरोबर, आणि म्हणूनच मी घेऊन बसलो होतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११०अ हे कलम आलं, सदोष गाड्या परत बोलावण्याचं. चाकणच्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला चॅसिस नंबर असतो, त्यामागे मालकाचा पत्ता असतो. ब्रॅकेटचा एक लॉट बिघडला तर तो कुठे कुठे गेला हे शोधता येतं. वडिलांच्या 'पहिला नग कोणी पास केला' या प्रश्नाचं उत्तर तिथे कागदावर सहीनिशी असतं. माझ्या रॅकला नंबर नव्हता. होती ती एक पीडीएफ, आणि ती फॉरवर्ड होत होती.

मी माझ्यापुरतं रिकॉल करायला बसलो. तडा गेलेल्या कोपऱ्याचा फोटो, लाल रेघेसकट, ज्यांना ज्यांना ड्रॉइंग पाठवलं होतं त्यांना पाठवला. तशी नऊ माणसं निघाली. पाच जणांनी रॅक बनवलाच नव्हता. एकाने तपासला, त्यालाही तसाच तडा, आणि त्याने फोनवर मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. एकाच्या वेल्डरने न विचारताच पट्टी मारलेली होती. एकाने गाडी रॅकसकट विकली होती, घेणाऱ्याचा नंबर आता त्याच्याकडे नव्हता. नववा म्हणाला, "काय होत नाही रे." आणि या नऊ जणांनी पुढे कोणाकोणाला पाठवलं, हे त्यांनाही आठवत नव्हतं. तिथे यादी संपली.

तेव्हा कुठे मला ती शेवटची ओळ नीट वाचता आली. 'स्वतःच्या जबाबदारीवर बनवावे.' ती बनवणाऱ्यासाठी होती. बनवणारा पुढे बसतो. काचा वर, एसी चालू, सीटबेल्ट लावलेला. रॅक तुटला तर त्याच्या दोन सायकली जातात, बस. ज्याच्या अंगावर तो जाणार त्याला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. सळयांचा ड्रायव्हर निदान फडकं मागे बांधतो, ज्याला लागणार त्याच्या डोळ्यांसमोर. मी माझं फडकं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं होतं.

नवा रॅक काकांकडेच केला. मागचा दरवाजा आणि त्याच्या बिजागऱ्या सोडून थेट चॅसिसला, कोपऱ्यात पट्ट्या, प्रत्येक सायकलला पट्ट्याशिवाय एक वेगळी साखळी, आणि नंबर प्लेट व लाइट मागे आणून लावले. दर दोन महिन्यांनी वडील डबे घेऊन येतात. या रॅकचं ड्रॉइंग मी कोणाला दिलेलं नाही. हेही बरोबर आहे की नाही ते ठरत नाही, कारण जुनं, चुकीचं ड्रॉइंग अजून फिरतंय आणि नवं, बरं ड्रॉइंग माझ्या लॅपटॉपवर पडून आहे.

मागच्या महिन्यात स्कूटरवरून चाकणला मावशीकडे चाललो होतो. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर पुढे एक थार आली, मागे दोन सायकली, आणि स्टेपनीच्या बोल्टांवरून निघालेला चौकोनी पाइप. कोपऱ्यात पट्टी नव्हती. मी आपोआप मागे राहिलो. मागे राहिलो की मधल्या जागेत दुसरी कोणीतरी दुचाकी घुसायची, मग मी पुन्हा पुढे जायचो. असं करत तळेगाव चौक आला, आणि तिथे नेहमीसारखं सगळंच थांबलं. मी शेजारी जाऊन काचेवर टकटक केलं.

"दादा, हा रॅक कुठे बनवला?"

"तळवड्यात. एकाने ड्रॉइंग पाठवलं होतं. पाहिजे का तुम्हाला?"

"नको. खालच्या कोपऱ्यात वेल्डच्या कडेला बघून घ्या एकदा. तडा जातो तिथे."

"अहो, एकदम मजबूत आहे," तो म्हणाला. "पीडीएफमध्ये सगळा हिशेब दिलाय."

तो हिशेब माझा आहे हे मी सांगत होतो तेवढ्यात पुढचा कंटेनर हलला, मागचे सगळे एकदम हॉर्न वाजवू लागले, आणि त्याला शेवटचं वाक्य ऐकू गेलं की नाही कळलं नाही. नंबर लिहून घ्यावा म्हणून मोबाइल काढला, तर प्लेट सायकलच्या चाकामागे होती.