कुणाला देणार?

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी गावाकडच्या शाळेला पाच संगणक दिले. नारळ फुटला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, आम्हाला शाल-श्रीफळ मिळालं. संगणक आमच्यातल्या एकाच्या कचेरीतून निघालेले होते. मॉनिटर जुन्या घडणीचे, मोठ्या पाठीचे, काचेच्या नळीचे. खरं सांगायचं तर देण्याआधी आम्ही त्यातला एकही सुरू करून पाहिला नव्हता.

मध्यंतरी त्या बाजूला जाणं झालं म्हणून शाळेत डोकावलो. पाचही संगणक वर्गाच्या कोपऱ्यात, झालरीच्या कापडाखाली ओळीनं बसलेले. दोन बाकांची जागा त्यांनी अडवली होती.

"चालतात का?"

"पहिल्या वर्षी दोन चालत होते," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग काढून का टाकत नाही?"

"काढणार कसे सर? डेडस्टॉकला चढलेत."

जडसंग्रह नोंदवहीत एकदा शिरलेली वस्तू निर्लेखनाची मंजुरी आल्याशिवाय शाळेबाहेर पडत नाही. आमचं दान त्या शाळेला दहा वर्षं झाडून-पुसून सांभाळावं लागलं होतं.

कठोपनिषदातला नचिकेता आपण यमाशी केलेल्या संवादासाठी लक्षात ठेवतो. गोष्ट सुरू होते ती मात्र त्याच्या वडिलांच्या यज्ञात. वडील सर्वस्वाचं दान करायला बसलेत आणि दानात चालल्यात भाकड, म्हाताऱ्या गाई, ज्यांचं दूध कधीच आटलंय. पोराला ते बघवत नाही. तो विचारतो, मला कुणाला देणार? पुनःपुन्हा विचारतो, तेव्हा बाप चिडून सांगतो, मृत्यूला. लहानपणी या बापाचा मला राग यायचा. शाळेतून परतताना गाडीत तो राग येत नव्हता.

घरी आलो तर माळ्यावर माझ्याही दोन गाई होत्याच. एक जुना कॅबिनेट-मॉनिटर आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपला तसं काही झालं नव्हतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला आणि पुढची आवृत्ती त्यावर चढेना. तो म्हातारा झाला नव्हता, त्याला घरी बसवलं होतं. आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलानं जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, लिनक्स टाकलं आणि निघताना जुनी डिस्क माझ्या हातात दिली. "ही कुणाला देऊ नका. डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नसतं." आता त्या लॅपटॉपवर आई सकाळी कीर्तनं ऐकते. असा लॅपटॉप घडवताना पृथ्वीला जो भार होतो, तो त्याच्या सगळ्या हयातीत लागणाऱ्या विजेच्या भारापेक्षाही बहुधा जास्तच भरतो. म्हणून आणखी चार वर्षं वापरणं ही चिक्कूगिरी नव्हे. घरातले काही तसं म्हणतात, म्हणोत.

कॅबिनेट-मॉनिटरचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. सोसायटीत येणारा भंगारवाला ओळखीचा. तो म्हणाला, साडेतीनशे. ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राला फोन केला. ते म्हणाले, दीडशे आणि आणून द्यावं लागेल.

"तुला कसं रे परवडतं?" मी भंगारवाल्याला विचारलं.

"पुढचा उचलतो ना काका. तांबं वेगळं, पत्रा वेगळा, बोर्ड वेगळा."

"आणि काच?"

"काचेला कोण विचारतं!"

त्याच्याच ओळखीनं मी तो 'पुढचा' पाहून आलो. शहराच्या कडेला, नाल्याला लागून पत्र्याची शेड. पाटावर बसलेला विशीतला मुलगा, पायात स्लिपर, हात उघडे. त्यानं कुणाचासा मॉनिटर तोंडावर पालथा घातला, मागचं झाकण उचकटलं आणि काचेच्या नळीच्या मानेवर हातोडीचा एकच घाव घातला. सुस्स करून हवा आत शिरली. मानेभोवतीचं तांब्याचं वेटोळं त्यानं पाटलीसारखं ओढून काढलं नि गोणीत टाकलं. काच मागच्या ढिगावर. पडद्याच्या आतली पांढुरकी भुकटी त्याच्या मनगटाला लागली होती, ती त्यानं पँटला पुसली.

त्या काचेत शिसं असतं. समोर बसणाऱ्याला नळीतल्या क्ष-किरणांपासून जपावं म्हणून ते घातलेलं असतं, एकेका मॉनिटरमध्ये किलोच्या हिशोबात. इतकी वर्षं माझ्यासारख्याच कुणाला जपणारं शिसं आता नाल्याकडे निघालं होतं.

बोर्ड तिथे थांबत नाहीत. ते दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला जातात. तिथे ते शेगडीवर शेकून सुटे भाग काढतात, उरलेलं जाळतात किंवा तेजाबात बुडवतात. सोन्यासाठी. सोनं असतं हे खरंच. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जपानमध्ये गोळा केलेल्या जुन्या फोन-संगणकांतून घडली. दोन वर्षांत जवळपास ७९ हजार टन माल जमला आणि त्यातून सोनं निघालं ३२ किलो. एवढ्याशा सोन्यासाठी कारखान्याला धुराडं लागतं, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते, कामगाराला हातमोजे द्यावे लागतात. शेडमध्ये यातलं काही लागत नाही. मला मिळणारे वरचे दोनशे रुपये कुठून येत होते, हे आता कळलं.

भंगारवाल्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. वस्तूचा चालता भाग ओळखून तो पुन्हा कामाला लावण्याचं कसब त्याच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली तिचं नाव कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावातच तेव्हाचं भंगार आहे. नंतर आपण भंगार बदललं, वेचणाऱ्याचे हात उघडेच ठेवले. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी विकलेल्या मालाची पुढची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. ठीकच आहे. पण २०२२ साली जगात निघालेल्या ६.२ कोटी टन ई-कचऱ्यापैकी पाव भागही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही आणि तो जिथून हलतो ते दार बऱ्याचदा घराचंच असतं. माझा मॉनिटर मी केंद्रात नेऊन दिला, पावती घेतली. रिक्षाला एकशे ऐंशी गेले.

परवा पुन्हा शाळेत गेलो. म्हटलं, आमचे पाचही संगणक परत द्या, माझ्या खर्चानं योग्य जागी पोचवतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून नोंदवही काढली, धूळ झटकली, पानं उलटली. "देणगीदाराला परत असा रकानाच नाही सर," ते म्हणाले. निर्लेखनाचा प्रस्ताव यंदा पुन्हा पाठवतील म्हणे. मग बोट ठेवून त्यांनी ती नोंद दाखवली. संगणक संच, नग पाच, स्थिती उत्तम. शेजारी देणाऱ्याची सही होती, माझी, चांगली झोकदार.