वाढपी ओळखीचा असला की

आपल्या पोलोग्राउंडच्या ग्रुपवर कोणी विचारलं, पापड कुठे चांगले मिळतील, की मी लगेच जाऊबाईंचा नंबर टाकते. पापड छानच असतात हो, पण त्या माझ्या जाऊबाई, हे लिहीत नाही.

परवा मुलगा विमानाचं तिकीट शोधताना म्हणाला, ८ फेब्रुवारी २०१८ ला आपल्या स्पर्धा आयोगाने गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला होता. कोणी विमान शोधलं की गूगल आपल्याच सेवेकडे नेणारी चौकट ठळक दाखवायचं म्हणून. युरोपातही २०१७ मध्ये २.४२ अब्ज युरोंचा दंड झाला, तो वस्तूंच्या खरेदीबाबत.

"पण आई, दुकान त्याचं, मांडणी त्याची!" असंही म्हणाला. मला नाही पटलं. दुकानदार आपला माल पुढे करणार, हे ठाऊकच असतं. इथे आपण वाट विचारतो ना! पंगतीत वाढप्याने घरच्यांच्या पानात दोन लाडू जास्त वाढले म्हणून लाडू काही बिघडत नाहीत. शेवटच्या पानावरच्याला मात्र कळतही नाही, आपले लाडू गेले कुठे.

आज पुन्हा पापडांची विचारणा आली. मी तीन नंबर टाकले, एकापुढे "माझ्या जाऊबाई" असं लिहून. दुपारीच त्यांचा फोन आला, जरा रुसल्यात.